बेनेडिक्टचे निळे पाणी



आपल्यापैकी ज्यांनी कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके केली असतील त्यांची बेनेडिक्टच्या द्रावणाशी ओळख आहेच. ज्यांनी केली नसतील त्यांच्याही घरात, वडीलधाऱ्यांपैकी कोणी मधुमेही असतील तर, या निळ्या पाण्याची बाटली एके काळी न्हाणीघराच्या फळीवर राहिलेली असण्याचा संभव आहे. परीक्षानळीत ५ मिलिलिटर निळे पाणी घ्यायचे, त्यात लघवीचे ८ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर दोन मिनिटे उकळायचे आणि निवल्यावर रंग पाहायचा. निळा तसाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी आहे. पिवळा, मग नारिंगी झाला तर अधिक. आणि तळाशी विटकरी साका बसला तर शेकडा दोनहून जास्त. दवाखान्यातल्या कागदावर त्याचेच 'एक प्लस', 'दोन प्लस' होत असे.

कृती इतकी सोपी आणि उत्तर इतके डोळ्यांत भरणारे, की निळे पाणी साखर ओळखते असे सर्वांनी धरून चालावे यात नवल नाही. वास्तविक ते साखर ओळखत नाही. मग ते काय ओळखते, आणि आपण त्याचे उत्तर भलत्याच प्रश्नाला लावल्यामुळे माणसांवर काय प्रसंग येऊ शकतात, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम एक साधा प्रयोग मनाशी करू. तीन नळ्यांत निळे पाणी घ्या. पहिलीत आपल्या चहाच्या डब्यातली पांढरी शुभ्र साखर विरघळवून घाला, दुसरीत मध, तिसरीत दूध नासवून काढलेले निवळीचे पाणी. तिन्ही उकळा. मधाची नळी बघता बघता विटकरी होईल. निवळीच्या पाण्याची नळीही रंग बदलेल, जरी ते पाणी जिभेला फारसे गोड लागत नाही. आणि ज्या पदार्थाला आपण 'साखर' हेच नाव दिले आहे, त्याची नळी मात्र निळीची निळी राहील! साखर शुद्ध असेल तर कितीही उकळा, फरक पडावयाचा नाही. जिभेची साक्ष आणि नळीची साक्ष यांचा येथे मेळ बसत नाही. आणि नेमका येथूनच विषय सुरू होतो.

निळ्या पाण्यात आहे तरी काय? एका लिटरमध्ये १७.३ ग्रॅम मोरचूद, १७३ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि १०० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट. मोरचूद म्हणजे आपल्या नाशिककडचे द्राक्षबागाईतदार चुन्यात मिसळून बोर्डो मिश्रण म्हणून वेलींवर फवारतात तेच, तांब्याचे सल्फेट. सायट्रेट हे लिंबातल्या आम्लाचे लवण. आणि सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा. तिघांनाही स्वतंत्र काम आहे. पाण्यात विरघळलेल्या मोरचुदातील तांब्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असतो आणि त्या स्थितीत तो निळा दिसतो. कोणी त्याला एक इलेक्ट्रॉन परत दिला तर तो सोड्याच्या पाण्यात विरघळून राहू शकत नाही. तांबडे क्युप्रस ऑक्साइड होऊन तळाशी बसतो. हाच तो विटकरी साका. इलेक्ट्रॉन देण्याच्या या क्रियेला आपल्याकडे 'क्षपण' हा शब्द रूढ झाला आहे. तो कानाला कठीण वाटतो हे खरे, पण आज त्यावाचून गत्यंतर नाही.

द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, हा इलेक्ट्रॉन देऊ शकते. कारण तिच्या रेणूच्या एका टोकाला अल्डिहाइड नावाचा गट असतो. मात्र तो सहसा उघडा नसतो. पाण्यात ग्लुकोजचा रेणू वळून कड्यासारखा बंद होतो, आणि कोणत्याही क्षणी उघड्या स्थितीत असलेले रेणू हजारात एकही भरत नाहीत. सोड्याचे काम असे की ही कडी उघडत राहावी. उघडलेले रेणू तांबे खर्ची घालते, म्हणून आणखी उघडतात, तेही खर्ची पडतात, आणि उष्णतेने हे सारे दोन मिनिटांत उरकते. फलशर्करेत अल्डिहाइड नाही, पण सोड्याच्या पाण्यात तिची मांडणी बदलते आणि तीही त्याच वाटेने जाते. सायट्रेटचे काम निराळेच. ते नसते तर सोडा आणि मोरचूद एकत्र येताच तांब्याचा निळसर गाळ खाली बसला असता आणि प्रयोग तेथेच संपला असता. सायट्रेट तांब्याला धरून ठेवते. पण इतके घट्ट नाही, की साखरेने मागितले तर सोडू नये.

रंगांच्या क्रमाचे कोडेही येथेच सुटते. साक्याचे कण अगदी बारीक असतील तर तो पिवळा दिसतो, मोठे झाले तर तांबडा. साखर थोडी असेल तेव्हा पिवळा साका आणि न खपलेले निळे तांबे एकत्र दिसतात, म्हणून हिरवा. हिरवे असे काही त्यात तयार होत नसते.

आता डब्यातल्या साखरेकडे वळू. इक्षुशर्करेचा रेणू म्हणजे एक द्राक्षशर्करा आणि एक फलशर्करा यांची जोडी आहे, आणि दोघींनी एकमेकींचे नेमके कामाचे हात धरून ठेवलेले आहेत. तांब्याला द्यायला मोकळा हातच उरत नाही. दुग्धशर्करेतही दोन शर्करांची जोडी आहे, पण तेथे एकीचा हात मोकळा राहतो, म्हणून निवळीचे पाणी रंग देते. साखरेच्या पाण्यात थोडे आम्ल घालून उकळले, मग सोड्याने ते आम्ल मारले, की जोडी फुटलेली असते आणि तीच साखर आता झकास विटकरी होते. मधमाशी हे फोडण्याचे काम आपल्या लाळेतल्या किण्वाने करते. गुळात ते रस तापवताना काही अंशी आपोआप होते. म्हणून गुळाचे पाणी रंग देते आणि पांढरी साखर देत नाही, जरी दोन्ही एकाच उसाच्या पोटच्या.

आपल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत ही गोष्ट फार मोलाची आहे. तोडलेला ऊस गाडीत पडून राहिला की त्यातली इक्षुशर्करा फुटू लागते, आणि फुटलेल्या शर्करेचे स्फटिक होत नाहीत. इतकेच नव्हे, ती उरलेल्या साखरेच्या स्फटिकांनाही अडथळा करते आणि मळीत घेऊन जाते. रसात अशी शर्करा किती झाली हे तांब्याच्याच द्रावणाने मोजता येते. १९२३ साली लेन आणि आयनन या दोघांनी बसवलेली रीत त्यासाठी प्रसिद्ध आहे. तीत फेलिंगचे द्रावण उकळत ठेवून रस थेंबाथेंबाने सोडतात, आणि मेथिलीन ब्लू या रंगाची निळाई मावळली की थांबतात. तेथे प्रश्नही 'क्षपण करणारी शर्करा किती?' असाच असतो, आणि द्रावण उत्तरही त्याचेच देते. म्हणून घोटाळा होत नाही.

घोटाळा झाला तो दवाखान्यात.

लघवी गोड होते असा एक रोग आहे हे ज्ञान फार जुने. आपल्या वैद्यांनी 'मधुमेह' हे नावच दिले, आणि चरकसंहितेत लघवीला मुंग्या लागण्याचे लक्षण नोंदले आहे. मुंगीची ही परीक्षा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इंग्लंडात १६७४ साली टॉमस विलिसने लघवीच्या गोडीबद्दल लिहिले, आणि १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने अशी लघवी आटवून पांढरा गोड चूर्णासारखा पदार्थ मिळवून दाखवला. शिवाय रोग्याच्या रक्तातील पाणीही गोड असते हे सांगितले. ही गोडी द्राक्षातल्या शर्करेसारखीच आहे हे १८१५ मध्ये फ्रान्सच्या शेव्हरलने ठरवले. पण तोपर्यंत परीक्षा करायची तर वैद्याची जीभ हेच साधन. १८४१ मध्ये ट्रॉमरने मोरचूद आणि अल्कली यांचा उपयोग केला, आणि १८४९ मध्ये श्टुटगार्टच्या हेर्मान फॉन फेलिंगने त्यात टार्टारिक आम्लाचे लवण घालून परीक्षेला पक्के रूप दिले. लघवीची चव घेण्यापासून वैद्य सुटले ते या माणसांमुळे, याबद्दल वैद्यवर्गाने त्यांचे ऋण मानावे तितके थोडे.

फेलिंगच्या द्रावणाला मात्र दोन खोडी होत्या. त्याच्या दोन बाटल्या वेगळ्या ठेवाव्या लागत आणि ऐन वेळी मिसळाव्या लागत, कारण मिसळलेले द्रावण टिकत नसे. दुसरी खोडी अधिक गंभीर. त्यातला दाहक सोडा इतका तिखट, की साखर अगदी थोडी असली तर तांब्यापर्यंत पोचण्याआधी तो तिलाच खाऊन टाकी. स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकन तरुणाने, पंचविशीच्या आतबाहेर असताना, १९०८-०९ च्या सुमारास दाहक सोड्याच्या जागी सौम्य धुण्याचा सोडा आणि टार्ट्रेटच्या जागी सायट्रेट घातले. बदल ऐकायला क्षुल्लक. परिणाम असा, की एकच बाटली पुरे झाली, ती महिनोन्महिने टिकू लागली, हात भाजण्याचे भय गेले आणि पूर्वी निसटणारी थोडी साखरही सापडू लागली. बेनेडिक्ट पुढे न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाला आणि १९३६ मध्ये वारला. त्याने पुष्कळ मोठे काम केले, पण नाव राहिले ते या बाटलीवर.

हे द्रावण आले त्या वेळी इन्सुलिन नव्हते. लहान वयातील मधुमेह म्हणजे मृत्यूची तारीख तेवढी ठरावयाची, अशी स्थिती. डॉक्टर ॲलन यांची उपासमारीची चिकित्सा त्या काळची. लघवीतली साखर नाहीशी होईपर्यंत रोग्याचे अन्न तोडत न्यायचे आणि मग बेताबेताने वाढवायचे. बोस्टनचे डॉक्टर जॉसलिन रोग्यांनाच आपली लघवी तपासायला शिकवीत. म्हणजे त्या नळीचा रंग पाहून उद्या ताटात किती वाढायचे हे घरातली आई ठरवी. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला लेनर्ड टॉम्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि काळ पालटला. पण नळी गेली नाही. पुढची कित्येक दशके इन्सुलिनचा डोस कमी करायचा की वाढवायचा हे पुष्कळ घरांत तिच्याच रंगावरून ठरत होते. एवढे वजन ज्या रंगावर पडते, तो रंग कशाकशाने येऊ शकतो हे पाहिलेच पाहिजे.

बाळंतिणीच्या लघवीत दुग्धशर्करा उतरते. ती रंग देते. रोग काहीच नसतो. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्याच्या लघवीतूनही तांब्याला इलेक्ट्रॉन मिळतो. आल्कॅप्टोनुरिया नावाच्या एका दुर्मिळ आनुवंशिक दोषात लघवी उघड्यावर ठेवली की काळी पडते. तिच्यातले आम्लही नळीत रंग पालटते, आणि त्यात शर्करा तर नावालाही नाही.

पण सर्वांत बोलके उदाहरण पेंटोसुरियाचे. काही माणसांच्या लघवीतून जन्मभर झायलुलोज नावाची पाच कार्बनांची एक शर्करा रोज काही ग्रॅम जात असते. लंडनचे डॉक्टर गॅरॉड यांनी १९०८ च्या आपल्या व्याख्यानांत जन्मजात चयापचयदोषांची जी चार उदाहरणे दिली त्यांत हे एक होते. या माणसांना कसलाही त्रास नसतो. ती इतरांप्रमाणेच जगतात. पण निळे पाणी त्यांना पाहताच पिवळे-तांबडे होते, आणि कागदावर 'मधुमेही' असा शिक्का बसतो. एकदा शिक्का बसला की भाकरी मोजून, गोड बंद, आणि १९२२ नंतर तर निरोगी माणसाला इन्सुलिन टोचले जाण्याचा धोका! ज्याची रक्तशर्करा मुळात ठीक आहे त्याला इन्सुलिन म्हणजे काय, हे येथे बसलेल्या डॉक्टरांनी सांगावे.

न्यूयॉर्कच्या मार्गारेट लॅस्कर या रसायनतज्ज्ञ बाईंनी ही माणसे हुडकण्याचे व्रत घेतले. ती बहुतेक सारी पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतली होती. त्यांनी शोधलेली युक्ती मला फार आवडते, कारण तिला नवे रसायन लागत नाही. तेच बेनेडिक्टचे पाणी घ्या, पण उकळू नका. ५५ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात १० मिनिटे ठेवा. झायलुलोज एवढ्या उबेवर तांबे खाली आणते, ग्लुकोजला तेवढी ऊब पुरत नाही. प्रश्न बदलला, त्याच द्रावणाने निराळे उत्तर दिले. लॅस्करबाईंनी या कुटुंबांच्या नोंदी इतक्या नेटक्या ठेवल्या होत्या, की त्यांच्या आधारे पुढे संशोधकांनी त्याच कुटुंबांतल्या माणसांचा माग काढला आणि २०११ मध्ये या दोषाचे जनुक निश्चित झाले.

ही झाली निळ्या पाण्याने नको तेथे 'हो' म्हणण्याची गोष्ट. 'नाही' म्हणण्याची गोष्ट याहून फसवी आहे, आणि तिचा संबंध रसायनाशी नसून मूत्रपिंडाशी आहे. मूत्रपिंड रक्तातली साखर सहसा बाहेर जाऊ देत नाही. गाळलेली सर्व परत घेते. रक्तात १०० मिलिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर साखर गेली म्हणजे मगच ती उंबरठा ओलांडून लघवीत येते. उपाशीपोटी १२६ हा आकडा आज मधुमेह ठरवण्यास पुरेसा धरतात. म्हणजे १२६ आणि १८० यांच्या मधल्या पट्ट्यात माणूस मधुमेही असूनही नळी निळीच राहील. वय वाढलेल्या जुन्या मधुमेह्यांत हा उंबरठा बरेचदा आणखी उंच होतो. उलट गरोदरपणी तो खाली येतो, आणि काही माणसांचा तो जन्मतःच बसका असतो; त्यांच्या लघवीत रक्तशर्करा ठीक असतानाही साखर सापडते. शिवाय लघवी ही गेल्या काही तासांची साठवण. आत्ता रक्तात काय चालले आहे हे ती सांगू शकत नाही.

यात आपल्या काळाने एक गमतीची भर घातली आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नावांच्या मधुमेहावरील गोळ्या आता पुष्कळांना दिल्या जातात. त्यांचे काम म्हणजे मूत्रपिंडाचा उंबरठाच खाली करून साखर लघवीवाटे घालवून देणे. या गोळ्या घेणाऱ्याच्या लघवीची नळी विटकरी झाली, तर त्याचा अर्थ औषध लागू पडत आहे एवढाच. आजोबांच्या वेळी ज्या रंगाने घर घाबरे, तोच रंग नातवाच्या बाबतीत अपेक्षित असतो.

ही सारी गुंतागुंत सोडवायला निराळा मार्ग निघाला तो अमेरिकेतल्या एल्कहार्ट गावी. तेथे १९४१ मध्ये तांब्याच्या परीक्षेची गोळी निघाली होती. ती लघवीच्या थेंबांत टाकली की आपणच उष्णता निर्माण करून उकळे, दिव्याची गरज नसे. पण तिचा प्रश्न बेनेडिक्टचाच होता. १९५६ मध्ये हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्याच्या कामातून कागदाची पट्टी आली, आणि तिने प्रश्न बदलला. पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे, बुरशीपासून मिळणारे किण्व लावलेले असते. त्याला कोण इलेक्ट्रॉन देतो याच्याशी कर्तव्य नाही. ते ग्लुकोजच्या रेणूलाच ओळखते. दुग्धशर्करा, झायलुलोज यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. (क जीवनसत्त्व मात्र येथेही लुडबुड करते, आणि तीही उलटी: तांब्याच्या नळीत खोटा रंग आणते, पट्टीवरचा खरा रंग दाबते.) पुढे रक्ताच्या पट्ट्या आल्या, बोटातून एक थेंब काढून घरच्या घरी आकडा दाखवणारी यंत्रे आली, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी हिमोग्लोबिनची तपासणी आली. मधुमेहाच्या निदानातून आणि दैनंदिन देखरेखीतून निळ्या पाण्याने रजा घेतली, आणि ते योग्यच झाले. आज जर कोणी नळीच्या रंगावर इन्सुलिनचा डोस ठरवीत असेल तर त्याला थांबवावे.

तरीही नवजात अर्भकांच्या बाबतीत त्या बाटलीचा उपयोग सरलेला नाही. गॅलॅक्टोसेमिया नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक रोग आहे. दुग्धशर्करा पोटात फुटली की ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज अशा दोन शर्करा निघतात; या मुलांत गॅलॅक्टोज पचवणारे एक किण्व नसते. मूल जन्मते तेव्हा ठणठणीत असते. दूध पाजू लागल्यावर काही दिवसांतच ओकाऱ्या, कावीळ, यकृताला सूज, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि वेळीच कळले नाही तर मृत्यू. आईचे दूधच येथे विष होते. ते व दुग्धशर्करा असलेले सर्व दूध बंद करणे हाच तातडीचा उपाय. अशा मुलाच्या लघवीत आजची पट्टी बुडवली तर ती साखर नाही असेच सांगेल, कारण ती ग्लुकोजवाचून दुसरे काही जाणत नाही. बेनेडिक्टचे पाणी मात्र तेथे रंग बदलते. पट्टी 'नाही' आणि नळी 'हो', ही विसंगतीच डॉक्टरला गॅलॅक्टोजकडे बोट दाखवते. मग रक्तातल्या किण्वाची तपासणी करून निदान पक्के करतात. लघवीचा नमुना मात्र मूल दूध पीत असतानाच घेतलेला असावा लागतो. मूल फार आजारी म्हणून दूध थांबवून शिरेतून सलाईन चालू केलेले असेल, तर थोड्याच काळात गॅलॅक्टोज लघवीतून नाहीसे होते आणि नळीही निळीच राहते.